जुने कॉम्प्युटर काढताय? या चुका टाळा

मार्च आला की नागपुरातल्या आयटी कंपन्यांत दोन गोष्टी हमखास होतात. ऑडिटरचा फोन येतो आणि स्टोअररूममधले जुने सीपीयू सगळ्यांच्या डोळ्यांत खुपायला लागतात. मग ॲडमिनवाला कुणाला तरी फोन लावतो, दुपारी छोटा हत्ती गेटवर लागतो आणि संध्याकाळपर्यंत खोली रिकामी.

मीही एकदा असंच केलं. ३८ सीपीयू, ३० मॉनिटर गेले. गेटपासवर आम्ही लिहिलं, ‘जुना आयटी माल, १ गाडी’. दोन महिन्यांनी माल रिसायकल केल्याचं प्रमाणपत्र आलं, त्यात ‘मिश्र ई-कचरा, ४१० किलो’. ऑडिटरने मालमत्ता नोंदवहीतल्या एका सिरियल नंबरवर बोट ठेवून विचारलं, हा यात आहे का? आमच्याकडे उत्तर नव्हतं. नोंदवही नगांत बोलते, प्रमाणपत्र किलोत. मधला दुवा म्हणजे सिरियल नंबरची यादी, आणि ती माल गाडीत चढायच्या आधीच होते, नंतर नाही. आता मी यादीच्या दोन प्रती काढतो आणि एकीवर माल नेणाऱ्याची सही, शिक्का व गाडी नंबर घेतो. वजनकाट्याची पावती त्यालाच टाचतो.

दुसरी चूक बिलावर भुलण्याची. कबाडी म्हणतो, “भाऊ, जीएसटीचं बिल देतो ना, टेन्शन कायले घेता?” बिल खरंच मिळतं, पण ते विक्रीचं. माल कुठे फुटला, हे त्यावरून कळत नाही. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यात नोंदणी चारच प्रकारची आहे: निर्माता, उत्पादक, दुरुस्ती करून परत वापरात आणणारा आणि रिसायकलर. माल फोडून सुटे भाग वेगळे करणाऱ्याची स्वतंत्र परवानगी ही २०१६ च्या नियमांतली गोष्ट. तो जुना कागद लॅमिनेट करून दाखवणारे अजून भेटतात. नोंदणीचा कागद हातात आला की केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नाव, पत्ता आणि मुदत ताडून पाहा. कोटेशन देणारा आणि नोंदणीवाला वेगळे निघाले, तर मध्ये दलाल आहे हे समजा.

“आम्ही छोटे, आम्हाला लागू नाही” हेही बऱ्याचदा ऐकतो. नियमातला मोठा ग्राहक म्हणजे आर्थिक वर्षात कधीही नियमांच्या परिशिष्टात दिलेली किमान १००० उपकरणं वापरणारा. गंमत इथेच आहे. आकडा वापरातल्या नगांचा आहे, भंगारात काढलेल्या नगांचा नाही. अडीचशे खुर्च्यांच्या ऑफिसात मॉनिटर, सीपीयू, फोन, प्रिंटर, राउटर, वर एसी आणि ट्यूबलाइट मोजून बघा, हजार कधी होतात कळतही नाही. अशा ग्राहकाने ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्तीवाला किंवा रिसायकलर यांनाच द्यायचा असतो.

बाहेरून माल मागवून त्यावर स्वतःच्या ब्रँडचं स्टिकर लावून विकत असाल, तर तुम्ही ग्राहक नाही, उत्पादक आहात. मग विस्तारित उत्पादक जबाबदारी, म्हणजे विकलेल्या मालाचा कचरा रिसायकल करून घेण्याची जबाबदारी, आणि तिचं वार्षिक लक्ष्य तुमच्या गळ्यात: २०२५-२६ आणि २०२६-२७ साठी ७० टक्के, २०२७-२८ पासून ८० टक्के. नेटवर्किंगचे डबे विकणाऱ्या छोट्या कंपन्या नेमक्या इथे अडकतात.

बॅटऱ्या वेगळ्या काढा. यूपीएसच्या बॅटऱ्यांना बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ लागतात, ई-कचऱ्याचे नाहीत. फुगलेल्या लॅपटॉप बॅटऱ्या तर गच्चीवरच्या टिनाच्या शेडमध्ये ठेवूच नका. नागपूरच्या मे महिन्यात त्या पेट घेऊ शकतात.

डेटाचं थोडक्यात. फॉरमॅट मारणं म्हणजे पुसणं नव्हे. ताकदवान चुंबकाच्या खास यंत्राने (डीगॉसर) हार्डडिस्क पुसता येते, पण एसएसडीवर, म्हणजे चिपमध्ये डेटा ठेवणाऱ्या डिस्कवर, त्याचा उपयोग नाही. तिला सुरक्षित इरेज कमांड द्या, नाहीतर चिपसकट तिचा भुगा करून घ्या.

मिहानच्या सेझमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) असाल तर अजून एक पायरी: करमुक्त आणलेला माल बाहेर काढायला कस्टम्सची प्रक्रिया आहे. गाडी बोलवायच्या आधी तिची चौकशी करा.

आणि माल आधीच कबाड्याकडे गेला असेल तर? त्याला ईमेल टाका, पुढे कोणाला दिला ते लेखी मागा, जमलं तर रिसायकलरचा कागद मिळवा. नाही मिळाला, तर गेटपास, बिल आणि ईमेल एका फाइलला लावून घडलं तसं टिपण लिहा. मागची तारीख टाकून प्रमाणपत्र बनवून देतो म्हणणारे भेटतील. खोटी माहिती दिल्यास कारवाईची तरतूद नियमांतच आहे, तेव्हा त्यांना चहा पाजून परत पाठवा आणि टिपणावर आजचीच तारीख घाला.