डॉपलरमध्ये फ्लो दिसंना? मायक्रोबबल असे वापरा

परवा बीडकडचे एक काका आले, पोटात पाणी झालेलं, डॉपलरला (रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारी सोनोग्राफी) पोर्टल व्हेन, म्हंजे लिव्हरकडं रक्त नेणारी मोठी नस, काही केल्या रंगानं भरंना, मग मायक्रोबबलचा कॉन्ट्रास्ट, म्हंजे नसेतून सोडायचे गॅसचे बारीक बुडबुडे, दिला अन् फ्लो लख्ख दिसला. सोनोव्ह्यू (मायक्रोबबलचं एक औषध) असंल तर वायलमध्ये (औषधाच्या बाटलीत) 5 एमएल सलाईन घालून 20 सेकंद जोरात हलवा, दुधासारखं पांढरं झालं पाहिजे. सुई 20 गेजपेक्षा बारीक नको, बबल फुटतात. मोठ्या माणसाला 2.4 एमएल, मागून लगेच 5 एमएल सलाईन. खरी गोम पुढंच हाय, कलर एकदम नसेच्या बाहेर सांडतो, तवा घाबरू नका, कलर गेन (रंगाची तीव्रता) उतरवा, पीआरएफ (सेकंदाला किती ध्वनिलहरी सोडायच्या ते) वाढवा, एमआय (लहरींचा जोर) कमीच ठेवा. गॅस श्वासातून निघून जातो, किडनीवर भार नाही. रिअ‍ॅक्शनवरच्या औषधांचा ट्रे मात्र हाताशी पाहिजेच, अ‍ॅड्रेनलिनसकट.