अमेरिकेत कॉलेज सॉकर खेळायचंय? एफवायला ॲडमिशन घ्यायच्या आधी वाचा

नॉर्थ कॅरोलायना म्हटलं की सॉकरवाल्या प्रत्येकीच्या डोक्यात चॅपल हिलच असतं, माझ्याही होतं. असणारच ना, यूएनसीच्या (तिथल्या युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायनाच्या) मुलींनी 1982 पासून 22 वेळा एनसीएए, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा, जिंकलीय, त्यात 1986 ते 1994 सलग नऊ वर्षं कुणाला ट्रॉफीला हातच लावू दिला नाही. 1979 पासूनचे कोच ॲन्सन डोरन्स 2024 च्या ऑगस्टमध्ये रिटायर झाले, 2012 नंतर टायटलही नव्हतं, आणि त्याच डिसेंबरात डेमन नाहासच्या हाताखाली पोरींनी त्याच राज्यातल्या केरी गावात फायनलमध्ये वेक फॉरेस्टला 1-0 हरवलं!

मी त्या टीममध्ये नव्हते. त्याच राज्यात एका डिव्हिजन टू कॉलेजात खेळले (एनसीएएत कॉलेजांचे तीन गट असतात, डिव्हिजन वन सगळ्यात वरचा, चॅपल हिल त्यातलंच). चॅपल हिलच्या लायकीची होते का हा वेगळा विषय (बहुतेक नव्हते), पण डिव्हिजन वनचं दार माझ्यासाठी पुण्यातच अर्धं लागलं होतं.

झालं असं की बारावीनंतर घरचे म्हणाले, वर्ष वाया नको, एफवायबीएस्सीला नाव घालून ठेव, अमेरिकेचं बघू नंतर. घातलं. आता नीट वाचा. माझ्या वेळेला डिव्हिजन वनमध्ये चार सीझन खेळायला पाच वर्षं मिळायची, आणि ती पाच वर्षं अमेरिकेत उतरल्यावर नाही, जगातल्या कुठल्याही कॉलेजात फुल टाइम नाव लागलं की सुरू व्हायची. तिथे एकही मॅच खेळला नाहीत तरी सुरू. मधे एक वर्ष टोफेल, व्हिसा करत घरी बसलात तरी चालूच, गुडघ्याचं ऑपरेशन झालं तरी चालूच. अकरावी-बारावी यात धरत नाहीत, ती शाळेतच जमा, घाबरू नका. पण एफवाय म्हणजे कॉलेज. वर तुम्ही फ्रेशमन (पहिल्यांदाच कॉलेजात येणारे) राहत नाही, ट्रान्सफर (दुसऱ्या कॉलेजातून आलेले) होता, त्याचे नियम वेगळे. हे मला हायलाइट व्हिडिओचे भरपूर पैसे घेणाऱ्या कन्सल्टंटने सांगितलं नाही, माझ्या क्लबच्या सरांनीही नाही. नियम बदलत राहतात, म्हणून माझं मत ऐका, कोचच्याही आधी त्या कॉलेजच्या कंप्लायन्स ऑफिसला (खेळाडू नियमात बसतात का ते बघणाऱ्या) मेल टाका, फुकट आणि खरं उत्तर तिथेच मिळतं. एजंट लोकांवर माझा काडीचा विश्वास नाही.

ते पाचवं वर्ष किती कामाचं असतं ते अमेरिकेची स्टार सॉकरपटू मिया हॅमचं बघा. यूएनसीकडून 1989, 90, 92, 93 ला टायटल, मधलं 1991 कॉलेजसाठी खेळलीच नाही कारण चीनमध्ये वर्ल्ड कप होता, तिथेही कोच डोरन्सच, आणि तो कपही जिंकला. आपण तेच वर्ष प्रॅक्टिकलची जर्नलं पुरी करण्यात घालवतो.

स्कॉलरशिपचं पटकन सांगते. डिव्हिजन थ्रीत खेळासाठी मिळत नाही, टूमध्ये तुकड्या-तुकड्यात मिळते, त्यामुळे फुल राइड (सगळा खर्च भागवणारी स्कॉलरशिप) धरून कर्ज काढू नका. आणि एफ-वन म्हणजे स्टुडंट व्हिसावर इन्स्टाच्या ब्रँड डीलचे पैसे घ्यायच्या आधी इंटरनॅशनल ऑफिसला विचारा, व्हिसाच गोत्यात येईल.

बाकी तिकडच्या प्रॅक्टिसची तयारी ठेवा. डोरन्सने यूएनसीच्याच बास्केटबॉल कोच डीन स्मिथकडून एक पद्धत उचलली, प्रत्येक ड्रिलमध्ये कोण जिंकलं कोण हरलं लिहायचं आणि सगळ्यांचे नंबर लावून भिंतीवर टाकायचे. आमच्या कोचनेही तेच सुरू केलं होतं. मॅनेजर मुली क्लिपबोर्ड घेऊन लाइनवर, आणि लॉकर रूमच्या दारावर यादी. वन-ऑन-वनमध्ये माझं नाव तळाला, आडनाव चुकीचं टाइप केलेलं. बाथरूममध्ये रडले, खोटं कशाला बोलू. पण ती यादी म्हणजे काही कुंडली नाही, पुढच्या आठवड्यात नवी लागते, आणि हेडिंगमध्ये मी बऱ्यापैकी वर असायचे.

तर ज्यांची बारावी यंदा आहे त्यांनी एफवायचा फॉर्म भरायच्या आधी तो मेल टाका. ज्यांचं एफवाय झालंय त्यांनी रडत बसू नका, डिव्हिजन टूमध्ये माझ्या वेळेला वर्षं नाही, फुल टाइम शिकलेले सेमिस्टर मोजायचे, घरी बसलेला काळ त्यात नाही. मला तिथे तीन सीझन मिळाले.