रोमन-इजिप्तचे प्लास्टर मुखवटे करताना या चुका टाळा

मेलेल्या माणसाच्या तोंडावर प्लास्टर ओतून मुखवटा काढायचे, ही समजूत आधी डोक्यातून काढा. रोमन अमलातल्या इजिप्तमध्ये, तुना एल-गेबेलसारख्या दफनभूमींत सापडलेले पहिल्या ते तिसऱ्या शतकांतले, ममीच्या डोक्यावर बसवायचे मुखवटे बहुतेक साच्यातून काढलेले आहेत. चेहरा साच्याचा, मग कान वेगळे चिकटवायचे, केसांच्या बटा आणि दाढी ओल्या प्लास्टरात हाताने घडवायची. माणूस ओळखू यायचा तो तिथे.

एका कार्यशाळेत एका पठ्ठ्याला हे पटेना. ‘ओरिजिनल पद्धत’ म्हणत त्याने घरी मित्राच्या तोंडावर थेट पीओपी थापलं. पीओपी घट्ट होताना तापतं. मित्र ओरडत उठला, अर्धी भुवई ठशातच राहिली. एवढं करून हाती काय आलं? मिटलेले डोळे, दबलेलं नाक, वजनाने ओघळलेले गाल. मूळ मुखवट्यांचे डोळे टक्क उघडे, कित्येकदा काच बसवलेले. पुढच्या काळात तर झोपेतून उठताना मान उचलावी तशी डोक्याची ठेवण. मेलेला माणूस त्यांना दाखवायचाच नव्हता! शाडूत चेहरा घडवा, त्यावरून साचा घ्या. वेळ लागतो, लागू दे.

चिकटवलेला कान दुसऱ्या दिवशी गळून पडतो, ही कायमची तक्रार. कोरडं प्लास्टर नव्या प्लास्टरमधलं पाणी ओढून घेतं, मग जोड धरणार कसा? जोडाची जागा चाकूने खरवडायची आणि पाणी शोषणं थांबेपर्यंत भिजवायची. गोंद लावणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांचे पडलेले कान मात्र गोळा करून ठेवतो.

अर्ध्या तासात घट्ट झालं म्हणजे वाळलं असं नाही. ओल्यावर दिलेला रंग पोपडे धरतो. मी मुखवटा गालाला लावून बघतो. गार लागला की परत खिडकीत. हेअर ड्रायर माझ्यासमोर काढू नका.

पहिल्या शतकातला म्हणून केलेल्या मुखवट्याला भरघोस दाढी नको. ती फॅशन रोमन सम्राट हेड्रियनच्या कारकिर्दीपासूनची (इ. स. ११७–१३८), आणि अभ्यासक केस-दाढीवरूनच काळ ठरवतात.

संदर्भ म्हणून पॉम्पेईच्या, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या रोमन शहरातल्या मृतांच्या आकृत्यांचे फोटो आणू नका. राखेत राहिलेल्या पोकळ्यांत प्लास्टर ओतून त्या काढल्या इटालियन पुरातत्त्वज्ञ फिओरेल्लीने, १८६३ मध्ये. फायूमची चित्रंही (इजिप्तमधल्या ममींवरची व्यक्तिचित्रं) नकोत. ती मुख्यतः लाकडी फळ्यांवर रंगवलेली आहेत.