इंग्रजी फोनिक्स घरी : ‘ट’ नव्हे, ‘ट्’

मराठी घरात फोनिक्स, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून वाचायला शिकणं, अडतं ते बहुधा एकाच जागी. आपल्या ‘ट’मध्ये ‘अ’ आधीच मुरलेला असतो. मूल ‘स-अॅ-ट’ असं म्हणतं आणि त्यातून ‘सॅट’ काही जुळत नाही. म्हणून आधी स्वतःची जीभ सुधारा : स्, ट्, प्, न्, पाय मोडूनच. ‘स्स्स्’ आणि ‘न्न्न्’ लांबवता येतात. ट्, प् मात्र झटकन तोडायचे.

जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचे सहा चौकोन कापा. त्यांवर लहान लिपीत एस, ए, टी, आय, पी, एन लिहा. कॅपिटल नकोत, पुस्तकात ती कमीच भेटतात. अक्षराचं नाव सध्या बाजूला ठेवा, फक्त आवाज शिकवा. एवढ्यांत सॅट, पिन, टॅप, नॅप, टिन, सिट होतात.

सुरुवात ‘सॅट’ने करा, कारण पहिले दोन्ही आवाज ताणता येतात. चौकोन बोटभर अंतरावर मांडा आणि बोट सरकवत ‘स्स्स्अॅअॅट्’ म्हणा, मध्ये श्वास न तोडता. मग चौकोन जवळ आणा : ‘सॅट’. अडलं तर शब्द सांगून टाकू नका, पहिले दोनच आवाज जोडून घ्या.

दिवसाला दहा मिनिटं पुरेत, जांभई आली की आवरा. चित्राचं पुस्तक असेल तर चित्र हाताने झाका, नाहीतर वाचन राहतं बाजूला आणि अंदाज सुरू होतो.

‘पेन’ आणि ‘पॅन’ची गल्लत होणारच. आरशासमोर दोन्ही म्हणून घ्या. ‘पॅन’ला जबडा जास्त खाली जातो.