तीन उपचार आणि एक कौशल्य : स्वमग्न मुलाला हात धुण्यास शिकवताना

ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामे करायला आणि स्पर्श, वास यांसारख्या संवेदना हाताळायला शिकवणारा उपचार), स्पीच थेरपी आणि वर्तनोपचार हे तिन्ही आपापल्या खोलीत वेगवेगळे चालले, तर मूल तिथे शिकलेले घरी वापरेलच असे नाही, कारण एका जागी शिकलेली गोष्ट दुसऱ्या जागी करणे अनेक स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांना अवघड जाते. म्हणून तिन्ही थेरपिस्टांशी बोलून रोजच्या गरजेचे एकच कौशल्य निवडावे, आणि त्याच्या पायऱ्या व शब्द सर्वांनी सारखेच ठेवावेत.

हात धुण्याचे उदाहरण घेऊ. नळ उघडणे, हात ओले करणे, साबण लावणे, चोळणे, धुणे, नळ बंद करणे आणि हात पुसणे अशा पायऱ्या पाडाव्यात. पहिल्या सहा पायऱ्यांना मदत करावी, शेवटची मात्र मुलाला स्वतः करू द्यावी. ती जमली की सहावी त्याच्याकडे सोपवावी, आणि असेच मागून पुढे यावे. या उलट्या क्रमामुळे प्रत्येक वेळी काम मुलाच्याच हातून पूर्ण होते, आणि माझ्या मते या पद्धतीचे खरे बळ तेच आहे.

मूल हात मागे घेत असेल तर त्याला हट्टी समजू नये. पाण्याचा गारवा, साबणाचा वास किंवा बुळबुळीतपणा त्याला खरोखरच असह्य होत असू शकतो, त्यामुळे आधी पाणी, साबण आणि पायाखालच्या स्टुलाची उंची बदलून पाहावी. हे ऑक्युपेशनल थेरपिस्टला विचारूनच ठरवावे. बळजबरीने हात धरू नये.

पायऱ्यांची चित्रे नळाजवळ लावावीत आणि लांब वाक्याऐवजी ‘साबण’ एवढाच शब्द उच्चारावा. चित्रांमुळे मूल बोलायचे थांबेल ही भीती अनाठायी आहे. चित्र देऊन मागणी करायला शिकवणारी पेक्स ही पद्धत तर १९८५ पासून वापरात आहे.

मदत मागे उभे राहून करावी आणि मूल तयार होईल तसा आधार मनगटावरून कोपरावर, मग नुसत्या स्पर्शावर आणावा. सतत तोंडी सूचना देण्याची सवय मात्र टाळावी, कारण मूल त्यांवर विसंबून राहू लागते आणि मग त्या थांबवणे फार कठीण जाते. पायरी जमताच त्याच्या आवडीची गोष्ट लगेच द्यावी.

कोणती पायरी किती मदतीने झाली हे रोज वहीत लिहावे. दोन आठवडे एकाच ठिकाणी अडल्यास ती पायरी आणखी लहान करावी, आणि घरच्या नळावर जमल्यानंतर वेगळ्या प्रकारच्या नळावर तोच सराव पुन्हा सुरू करावा.