ऑफिसला डबा नेताय? या चुका टाळा

डोंबिवली ते सीएसएमटी या प्रवासात माझी बावीस वर्षं गेली. लोकलच्या डब्यात दर जानेवारीला नव्या उत्साहाने घरचं खायला लागलेल्या मुली भेटतात. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्याच हातात पुन्हा वडापाव दिसतो. फार जीव तुटतो, म्हणून लिहिते आहे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रविवारीच आठवड्याचा स्वयंपाक उरकणं. मीही केली. मुलगी पहिलीत होती. पाच तास ओट्याशी उभं राहून तीन भाज्या, उसळ आणि पाच दिवसांची कणीक फ्रीजमध्ये ठेवली. बुधवारी पहाटे साडेपाचला कणकेचा डबा उघडला, तर वरून काळपट, आत चिकट आणि आंबूस वास. भेंडी गिळगिळीत झालेली. उसळीला मुलीने हात लावला नाही. सगळं टाकून दिलं. हळहळ वाटली ती त्या रविवारची. लेकीला बागेत न्यायचं कबूल केलं होतं.

आता रविवारी मी शिजवत नाही, तयारी तेवढी करते. लसूण सोललेला, गवार निवडलेली, दाण्याचं कूट, खवलेलं खोबरं फ्रीझरमध्ये. मटकी शनिवारी सकाळी भिजवायची, रात्री फडक्यात घट्ट बांधायची. रविवारी मोड आले की कपड्यावर पसरून कोरडी करायची आणि मगच फ्रीजमध्ये; ओली ठेवली की बुळबुळीत होते. सकाळी कुकरची एक शिट्टी, उसळ तयार. कणीक मात्र रोज ताजी. दहा मिनिटं लागतात, आणि ती वाचवण्यासाठी तयार पोळ्यांची पाकिटं आणणं मला पटत नाही.

डबा संपला की लगेच चहा नको. चहातल्या टॅनिनमुळे पालेभाजीतलं, उसळीतलं लोह नीट अंगी लागत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत जेवणाआधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळायला सांगितलं आहे. उसळीवर लिंबू पिळा, त्याने लोह जास्त शोषलं जातं.

रात्रीचा भात सकाळी फोडणीला घालायचा असेल तर वाफ गेली की लगेच फ्रीजमध्ये ठेवा. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात जिवाणूंचं विष तयार होऊ शकतं आणि ते परतूनही जात नाही.

नुसती काकडी-टोमॅटो नेऊ नका. भूक लागून चार वाजता भजी खाल.

पर्समध्ये फुटाणे ठेवा.

आणि सोमवारपासून भात बंद, साखर बंद, तेल बंद, असं एकदम काही करू नका. घाईने धरलेलं घाईनेच सुटताना मी कितीदा पाहिलं आहे. पहिला महिना फक्त मंगळवारी आणि गुरुवारी डबा न्या. पोळी, एक उसळ, एक फळ. ते अंगवळणी पडलं की तिसरा वार धरा.