ब्रिटिश राज्याभिषेकाचा दंड घेण्याआधी

राज्याभिषेकाच्या वेळी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमध्ये पाहुण्यांना जागेवर बसवणाऱ्या ‘गोल्ड स्टाफ ऑफिसर’चा दंड, म्हणजे हातातली मानाची काठी, विकायला आली, तर सोनेरी मुलाम्याला भुलू नका. आधी मुकुट आणि राजाची आद्याक्षरे भिंगाखाली बघा. सातवे एडवर्ड, पाचवे आणि सहावे जॉर्ज यांच्या चिन्हांवर ट्यूडर धाटणीचा, उंच कमानींचा मुकुट असतो. एलिझाबेथ राणीने मधे खोलगट कमानींचा सेंट एडवर्ड मुकुट स्वीकारला. जॉर्जच्या ‘जीआरआय’मधला (जॉर्ज, रेक्स म्हणजे राजा, इम्पेरेटर म्हणजे सम्राट) ‘आय’ हिंदुस्थानच्या सम्राटपदाचा. ते पद १९४८ मध्ये गेले, म्हणून १९५३ च्या, एलिझाबेथच्या राज्याभिषेकाच्या दंडावर तो शोधू नका. तिच्या ‘ईआयआयआर’मधले (एलिझाबेथ दुसरी, रेजिना म्हणजे राणी) दोन ‘आय’ म्हणजे रोमन दोन.

तारखेवरून मात्र घाईने निकाल देऊ नये. सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक २६ जून १९०२ ला ठरला होता. राजाच्या पोटाचे तातडीचे ऑपरेशन झाले आणि सोहळा ९ ऑगस्टवर गेला. आधीच तयार झालेल्या वस्तूंवर जूनचीच तारीख राहिली, त्यामुळे ती ‘चुकीची’ तारीख खोटेपणाचा पुरावा नव्हे.

दंडाच्या टोकांची टोपणे चांदीची म्हणून सांगितली असतील तर हॉलमार्क तपासा: चालता सिंह, शहराचा शिक्का (लंडनचा बिबट्याचा चेहरा, बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर) आणि वर्ष दाखवणारे अक्षर. अक्षर सोहळ्यानंतरचे निघाले, तर निदान टोपण तरी नंतर बसवलेले आहे. मुलामा मुठीच्या जागी जास्त झिजलेला असावा. सगळीकडे सारखीच झीज दिसली तर मला तरी शंका येते. आणि कृपा करून पॉलिश करू नका. त्याने झिजेचा पुरावाच पुसला जातो.